घड्याळाशी शर्यत



वेगाची ओढ मनुष्याला उपजतच असावी. रांगणारे मूल प्रथम उभे राहते, आणि उभे राहिल्याबरोबर चालण्याऐवजी धावू पाहते. सायकल हाती आली की पहिल्या आठवड्यात तोल साधतो आणि दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या मुलाशी शर्यत लागते. ह्या ओढीला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो एवढाच, की ती ओढ कोठे आणि कोणत्या रीतीने पुरवावयाची.

हा प्रश्न मला प्रथम आपल्याच शाळेच्या वर्गात विचारण्यात आला. चार वर्षांपूर्वी आपल्या शाळेतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी मध्यरात्री डुमसकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यावर मित्रांशी मोटारसायकलची शर्यत लावून निघाला आणि दुभाजकावर आदळला. जीव वाचला, परंतु उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात मी विज्ञानाचा पाठ बाजूस ठेवून वेगाच्या दुष्परिणामांवर बराच वेळ बोललो. माझे बोलणे संपले तेव्हा मागच्या बाकावरून एकाने शांतपणे विचारले, "गुरुजी, रस्त्यावर नाही, तर मग कोठे?" त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे ते शोधीत असता जे कळले आणि स्वतः अनुभविले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

ते उत्तर म्हणजे 'ऑटोक्रॉस' नावाचा खेळ. मोकळ्या माळावर, ओसाड धावपट्टीवर किंवा रिकाम्या पटांगणात रबरी शंकू अथवा टायर मांडून एक वळणावळणाचा मार्ग आखतात. ह्या मार्गावर एका वेळी एकच मोटार सोडतात, आणि आरंभापासून अखेरपर्यंत तिला किती वेळ लागला ते मोजतात. सर्वांत कमी वेळ घेणारा चालक विजयी. शेजारून दुसरी मोटार धावत नसते. त्यामुळे कोणी कोणाला धडक देण्याचा, वाट अडविण्याचा किंवा चिडून पाठलाग करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. काही ठिकाणी दोन मोटारी एकदम सोडतात, परंतु तेव्हाही दोघींचे मार्ग वेगळे ठेवलेले असतात.

ही कल्पना आपल्या मराठी मनाला मुळीच परकी नाही. आपल्यांपैकी अनेकांची गावे महाराष्ट्रात आहेत. पुणे जिल्ह्याच्या जत्रांत बैलगाडा शर्यत ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल, की तेथे घाटावरून एका वेळी एकच गाडा पळतो आणि त्याचे सेकंद मोजले जातात. त्या एका धावेला 'बारी' म्हणतात. उलट शंकरपटात दोन जोड्या शेजारी शेजारी पळतात. ऑटोक्रॉस ही बैलगाड्याच्या जातीची शर्यत होय; फरक इतकाच, की बैलगाडा सरळ धावतो आणि येथे साऱ्या कौशल्याची परीक्षा वळणांवर होते. म्हणून ह्या लेखात मी प्रत्येक धावेला 'बारी' हाच शब्द वापरणार आहे.

ह्या खेळाचा जन्म परदेशातला. इंग्लंडमध्ये शेतांवर व गवताळ माळांवर हौशी मंडळे अशा शर्यती भरवू लागली. अमेरिकेत विमानतळांच्या डांबरी फरसबंदीवर आणि मोठ्या वाहनतळांवर शंकू मांडून हाच खेळ खेळला जातो. तेथील 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' ही संस्था १९४४ साली स्थापन झाली. ह्या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा ती १९७३ पासून भरवीत आली आहे, आणि तिला अलीकडे हजाराहून अधिक स्पर्धक येतात. त्यांच्या नियमानुसार शंकू पडला की त्या बारीच्या वेळेत २ सेकंद मिळविले जातात. मार्ग चुकला तर ती बारी बाद होते. ह्या स्पर्धकांतील बहुसंख्य लोक नोकरदार, व्यापारी, कारागीर असे सामान्य गृहस्थ असतात, आणि ज्या मोटारीतून सोमवारी कामावर जावयाचे तीच घेऊन ते रविवारी शर्यतीला येतात.

भारतात मोटारीचा प्रवेश एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस झाला. आपल्या सुरतेपासून जवळच असलेल्या नवसारीत १८३९ साली जन्मलेले जमशेटजी टाटा हे मोटार बाळगणाऱ्या पहिल्या काही भारतीयांपैकी एक होते. मुंबईत 'वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन' ही मोटारधारकांची संस्था १९१९ साली निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या धावपट्ट्या विमानांवाचून पडून राहिल्या त्यांवर मोटारीच्या शर्यती सुरू झाल्या. मद्रासजवळची शोलावरमची धावपट्टी ह्यांत सर्वांत प्रसिद्ध. 'मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब' हा १९५३ साली स्थापन झाला, आणि पुढे कित्येक वर्षे फियाट, हेराल्ड, ॲम्बॅसडर अशा नेहमीच्या घरगुती मोटारी तेथे धावत राहिल्या. त्याच क्लबच्या प्रयत्नाने मद्रासबाहेर इरुंगट्टुकोट्टै येथे खास शर्यतीसाठी बांधलेला मार्ग १९९० मध्ये खुला झाला. असा पक्का मार्ग बांधण्यास अपार पैसा लागतो. म्हणून देशाच्या इतर भागांतील हौशी मंडळांनी मातीचा माळ निवडला, आणि आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हणजे धुळीतली शर्यत असेच समीकरण झाले. १९८५ साली बाजारात आलेली मारुतीची जिप्सी ही हलकी, दणकट गाडी ह्या धुळीच्या शर्यतींत अनेक वर्षे चालकांची आवडती होती.

आज ह्या सर्व खेळांचे नियमन 'फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया' ही संस्था करते. तिच्याशी संलग्न असलेली स्थानिक मंडळे स्पर्धा भरवितात. मान्यताप्राप्त स्पर्धेत उतरण्यासाठी सरकारी वाहन-परवान्याखेरीज ह्या संस्थेचा स्पर्धक-परवानाही घ्यावा लागतो.

आमचे एक शेजारी उधन्याला मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालवितात. मूळचे धुळ्याकडचे, सारी आळी त्यांना नाना म्हणते. एके दिवशी त्यांच्याशी बोलताना मागच्या बाकावरचा तो प्रश्न मी सांगितला. नाना हसले आणि म्हणाले, "गुरुजी, नाशिकला चला. दाखवितो." नाशिक हे पश्चिम भारतातील मोटारक्रीडेचे एक प्रमुख केंद्र आहे, 'रॅली ऑफ महाराष्ट्र' ही शर्यत त्याच परिसरात भरत आली आहे. तेथील एका हौशी मंडळाच्या लहानशा ऑटोक्रॉसला नाना दरवर्षी जात असत. ह्या खेपेस त्यांनी माझेही नाव नोंदविले. जाताना मी गुडघा ताठ झालेल्या त्या विद्यार्थ्यालाही बरोबर घेतले. सापुताऱ्याचा घाट चढून, वणी-दिंडोरीच्या वाटेने, नानांच्या जुन्या मारुती ८०० मधून आम्ही तिघे नाशिकला पोहोचलो. ह्याच मोटारीने शर्यत करावयाची आहे हे ऐकून प्रथम मला हसू आले होते.

सकाळी प्रथम झाली ती मोटारींची तपासणी. मोटारीतील प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढावी लागली. पायदान, पाण्याची बाटली, देवाची लहानशी मूर्तीसुद्धा. झटक्याने वळताना सुटी वस्तू उडून ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होईल, ह्याचा विचार आपण घरच्या मोटारीत कधी करतो काय? नंतर बॅटरी घट्ट बांधली आहे का, ॲक्सिलरेटर सोडल्यावर तो आपोआप वर येतो का, ब्रेकचे तेल गळत नाही ना, चाकांचे नट आवळलेले आहेत ना, पट्टा धड आहे ना, हे सर्व तपासले गेले. शिरस्त्राण नसलेल्याला आरंभरेषेजवळही फिरकू देत नव्हते. नानांसारख्या जाणत्या माणसाच्या मोटारीतही एक नट सैल निघाला. त्यांनी खालमानेने तो आवळून घेतला, आणि परवानगीची चिठ्ठी काचेवर लावण्यात आली.

त्यानंतर सर्वांनी मार्ग पायी चालून पाहिला. हा भाग मला सर्वांत बोधप्रद वाटला. सुमारे ९०० मीटरांच्या त्या मार्गावर एकंदर चौदा वळणे होती. नाना प्रत्येक वळणापाशी थांबत, मागे वळून पाहत, बोटाने मातीचा पोत चाचपीत. "येथे वर भुसभुशीत आहे, चाक घसरेल; तेथे खाली मुरूम लागतो, तेथे ब्रेक लावा," असे ते सांगत. तीन वेळा त्यांनी तो मार्ग चालून पाहिला आणि शेवटी डोळे मिटून साऱ्या वळणांची उजळणी केली. पाठांतराची थट्टा करणाऱ्यांनी हे दृश्य पाहावयास हवे होते.

आता ह्या खेळामागील विज्ञान थोडे समजून घेऊ. कारण नववी-दहावीचे पदार्थविज्ञान येथे जसे डोळ्यांना दिसते तसे क्वचितच दिसत असेल.

मोटार रस्त्याला कोठे टेकते? केवळ चार ठिकाणी. मारुती ८०० चे वजन सुमारे ६५० किलो. चालकासह ७२० धरा. टायरमधील हवेचा दाब ३० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारणपणे २.१ किलो असतो. ७२० ला २.१ ने भागले की सुमारे ३४० चौरस सेंटिमीटर येतात, आणि त्यांचे चार भाग केले की प्रत्येक चाकाच्या वाट्यास ८५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या तळहाताएवढी जागा येते. मोटार चालविणे, थांबविणे आणि वळविणे ही तिन्ही कामे चार तळहातांएवढ्या घर्षणावर चालतात. हे एकदा ध्यानी आले म्हणजे मनुष्य स्टिअरिंगला हात लावताना आपोआप नम्र होतो.

हे घर्षण मर्यादित आहे. वर्तुळाकार वळणावर मोटारीला केंद्राकडे ओढणारे बल हे घर्षणच पुरविते. वेग जितका वाढेल त्याच्या वर्गाच्या प्रमाणात हे बल अधिक लागते. मातीवर घर्षणाचा गुणांक ०.५ धरू. वळणाची त्रिज्या १० मीटर असेल तर साधणारा अधिकांत अधिक वेग सेकंदास ७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटर येतो. त्याहून अधिक वेगाने गेल्यास मोटार वळणार नाही, मग चालक कितीही शूर असो. आता त्रिज्या २० मीटर केली तर तोच वेग ताशी ३५ किलोमीटरांच्या थोडा वर जातो. त्रिज्या दुप्पट केली की वेग दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतो. परंतु तेवढा लाभही शर्यतीत फार मोठा असतो.

वळण तर आयोजकांनी आखलेले आहे. मग त्रिज्या वाढवावयाची कशी? तेथेच कौशल्य आहे. मार्गाला रुंदी असते. नवखा चालक वळणाच्या आतल्या कडेला चिकटून जातो, कारण ती वाट सर्वांत जवळची दिसते. जाणता चालक वळणापूर्वी बाहेरच्या कडेस जातो, वळणाच्या मध्यावर आतल्या शंकूला जवळजवळ स्पर्श करतो आणि पुन्हा बाहेरच्या कडेकडे निघतो. त्याची वाट किंचित लांब पडते, परंतु तिचे वर्तुळ मोठे असते, म्हणून वेग टिकतो.

दुसरे तत्त्व घर्षणाच्या वाटपाचे. समजा, टायरपाशी घर्षणाचे १० भाग आहेत. सरळ मार्गावर ते दहाही भाग ब्रेकसाठी वापरता येतील. परंतु वळत असताना त्यांतील ८ भाग वळण्यात खर्च होत असतील, तर ब्रेकसाठी किती उरतील? आपण चटकन २ म्हणाल. पण ही दोन बले एकमेकांशी काटकोनात असतात. म्हणून येथे पायथागोरसचा सिद्धान्त लागू होतो आणि उत्तर ६ येते. ब्रेकसाठी दहाही भाग वापरले तर वळण्यासाठी मात्र शून्य उरते. अशा वेळी स्टिअरिंग कितीही फिरविले तरी मोटार सरळच घसरत जाते. अपघातांच्या वर्णनांत "चालकाचा ताबा सुटला" असे आपण वाचतो. त्यांतील कित्येक प्रसंगी घडते ते हेच. त्यावरून ऑटोक्रॉसचा पहिला धडा निघतो: ब्रेक लावावयाचा तो वळणापूर्वी, मोटार सरळ असताना. वळणात शिरल्यावर लावलेला ब्रेक म्हणजे उशिरा केलेला अभ्यास.

तिसरे तत्त्व वजनाच्या हालचालीचे. ब्रेक लावला की आपण पुढे झुकतो. मोटारीचेही तसेच होते. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर धरला आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २.१७५ मीटर घेतले, तर गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या मंदनाने सुमारे ८३ किलोंचा भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. मागची चाके हलकी होतात आणि वळणात ती घसरून मोटारीची शेपटी बाहेर फेकली जाऊ शकते. उलट, पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या मोटारीत वळणामध्येच ॲक्सिलरेटर जोराने दाबला, तर पुढची चाके पकड सोडतात आणि मोटार वळणाच्या बाहेर सरकते. म्हणून पायांनी व हातांनी जे करावयाचे ते हळुवारपणे करावे लागते. नाना म्हणाले, "दुधाने काठोकाठ भरलेले पातेले मांडीवर आहे असे समजून चालवा."

मी अर्थातच तसे चालविले नाही. माझी पहिली बारी आली तेव्हा तोंडाला कोरड पडली होती. हिरवा झेंडा पडताच मी ॲक्सिलरेटर तळाशी दाबला. चाके जागच्या जागी फिरली, धुळीचा लोट उठला, आणि प्रत्येक वळणावर मी उशिरा ब्रेक लावून, स्टिअरिंग ओढून, इंजिन किंचाळवीत गेलो. दोन शंकू पाडले. अखेरची रेषा ओलांडली तेव्हा वाटले, आपण विजेसारखे आलो. घड्याळाने सांगितले १ मिनिट २१.४ सेकंद. त्या मंडळाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक शंकूस ५ सेकंद दंड होता. म्हणजे हिशेब १ मिनिट ३१.४ सेकंदांवर गेला. त्याच मोटारीतून नानांनी घेतलेला वेळ होता १ मिनिट ९.३ सेकंद. त्यांची बारी बाहेरून पाहताना मात्र ते फिरावयास निघाल्यासारखे दिसत होते. धूळ कमी, आवाज कमी.

दुसऱ्या बारीत मी दुधाचे पातेले आठविले. नजर समोरच्या शंकूवर न ठेवता त्याच्या पुढच्या वळणावर ठेवली; कारण जेथे दृष्टी जाते तेथे हात जातात, आणि शंकूकडे पाहणारा शंकूवरच जाऊन पडतो. ब्रेक आधी लावला. संपूर्ण बारीत एकदाही छाती धडधडली नाही, आणि आपण फार हळू आलो अशा खंतीने मी उतरलो. वेळ होता १ मिनिट १६.८ सेकंद, आणि एकही शंकू पडला नव्हता. तिसऱ्या बारीत अधिक हाव धरली आणि वेळ पुन्हा थोडा वाढला.

घरी आल्यावर मी ह्या आकड्यांचा हिशेब मांडला. ७६.८ सेकंदांत ९०० मीटर म्हणजे सरासरी ताशी अवघे ४२ किलोमीटर. नानांची सरासरी ताशी सुमारे ४७. ज्या अनुभवाने माझा शर्ट घामाने भिजला होता त्याचा वेग एवढाच! आमच्या दोघांतील ७.५ सेकंदांचे अंतर इंजिनाचे नव्हते, कारण इंजिन एकच होते. ते हातांचे, डोळ्यांचे आणि संयमाचे अंतर होते. आणखी एक गोष्ट कळली. वेग वाटणे आणि वेग असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. धडधडणारे हृदय हे वेग मोजण्याचे साधन नव्हे.

ह्या खेळाची आणखी एक रीत सांगावयास हवी. आपली बारी झाली की चालकाने घरी जावयाचे नसते. दुसऱ्यांच्या बारीत पडलेले शंकू उभे करणे, झेंडा घेऊन वळणावर उभे राहणे, वेळ लिहिणे ही कामे सर्व सदस्य पाळीपाळीने करतात. पिवळा झेंडा सावधानतेचा, लाल झेंडा थांबण्याचा. लाल झेंडा दिसताच मोटार उभी न करणाऱ्याला पुन्हा धावू देत नाहीत, मग तो कितीही नामांकित असो. मी दुपारच्या उन्हात दोन तास अकराव्या वळणावर उभा होतो. आमच्या विद्यार्थ्याला फार वेळ उभे राहवत नाही. त्याला त्यांनी वेळ-नोंदणीच्या टेबलापाशी बसविले. दिवसभर त्याने प्रत्येक बारीचे सेकंद वहीत नोंदविले, शंकूंचा दंड मिळविला, बेरजा तपासल्या. परतीच्या वाटेवर सापुताऱ्यापर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, त्या रात्री आम्ही एवढे पळालो, पण वेळ कोणी मोजलीच नव्हती." नानांनी मोटारीचा दिवा मंद केला. पुढे घाट उतरेपर्यंत आम्ही तिघेही गप्प होतो.

आता ह्या खेळाच्या उण्या बाजूही प्रांजळपणे सांगितल्या पाहिजेत. तो स्वस्त नाही. टायर झिजतात, पेट्रोल जळते, प्रवेश-शुल्क पडते, मोटारीची झीज होते. धूळ आणि आवाज ह्यांचा आसपासच्या वस्तीस त्रास होऊ नये म्हणून जागा गावाबाहेर शोधावी लागते. जागामालकाची संमती, प्रशासनाची परवानगी, रुग्णवाहिका, अग्निशामक साधने ह्यांखेरीज स्पर्धा भरविणे म्हणजे केवळ बेजबाबदारपणा. आणि सर्व काळजी घेतली तरी मोटार उलटण्याची शक्यता अगदीच शून्य होत नाही; शिरस्त्राण आणि पट्टा ह्यांची सक्ती असते ती त्यासाठीच.

तथापि सार्वजनिक रस्त्यावरील शर्यतीशी ह्याची तुलनाच होऊ शकत नाही. रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेग असता, दुसऱ्याची चूक लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो आणि मोटार ११ मीटर पुढे जाते, नंतर कोरड्या डांबरावर थांबण्यास आणखी सुमारे ९ मीटर लागतात, एकूण २०. वेग ताशी ८० असेल तर हेच अंतर २२ आणि ३६ मिळून ५८ मीटर होते. वेग दुप्पट, परंतु अंतर जवळजवळ तिप्पट! माळावर त्या ५८ मीटरांत एखादा रबरी शंकू असतो. रस्त्यावर तेथे हातगाडी असते, रात्रपाळी संपवून घरी निघालेला गिरणीकामगार असतो. भारत सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांतील ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग होता.

कायदाही ह्याविषयी स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाने राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. मोटार चालविण्यास १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याच्या पालकास अथवा वाहनाच्या मालकास ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्या क्षणभराच्या हौसेपायी वडिलांना न्यायालयाची पायरी चढावी लागणे ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

"मग आम्ही १८ वर्षांचे होईपर्यंत काय करावे?" असे आपण विचाराल. ज्यांना साधन आहे त्यांच्यासाठी 'कार्टिंग' आहे. लहान बैठ्या गाड्यांचा हा खेळ बंदिस्त मार्गावर, जाणत्यांच्या देखरेखीखाली, अल्पवयीन मुलामुलींनाही खेळता येतो. कोल्हापूरजवळ हुपरी येथे त्यासाठी चांगला मार्ग आहे, आणि भारतातील अनेक नामांकित चालकांनी आपला आरंभ कार्टिंगपासूनच केला. परंतु ज्यांच्या घरी मोटार नाही, आणि आपल्यांपैकी बहुतेकांच्या घरी ती नाही, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. ह्या खेळाचे सर्व विज्ञान सायकलवर शिकता येते.

आपल्या शाळेच्या पटांगणात फक्कीने एक मार्ग आखा. वळणांवर रिकामे खोके ठेवा. दगड किंवा विटा मुळीच ठेवू नका. एका वेळी एकच सायकल सोडा. एकाने वेळ मोजावी, एकाने पडलेले खोके उभे करावेत, एकाने वहीत लिहावे. प्रथम आतल्या कडेने जाऊन पाहा, मग बाहेरून आत व पुन्हा बाहेर अशा वाटेने जाऊन पाहा, आणि दोन्ही वेळांची तुलना करा. पटांगण कोरडे असताना मोजा, पाणी शिंपडून जरा सावकाश मोजा. मुलींनीही ह्यात आवर्जून भाग घ्यावा. घड्याळाला मुलगा-मुलगी असा भेद कळत नाही. गतवर्षी आपल्या विज्ञान मंडळाने हा प्रयोग एका शनिवारी केला, तेव्हा सर्वांत नवी सायकल पाचवी आली आणि वडिलांच्या जुन्या सायकलीवर बसलेला एक विद्यार्थी पहिला आला. त्याने मार्ग चार वेळा चालून पाहिला होता.

मागच्या बाकावरून विचारलेल्या त्या प्रश्नाचे माझे उत्तर हे असे आहे. वेगाला जागा हवी, नियम हवेत, मोजमाप हवे आणि आपली पाळी संपल्यावर दुसऱ्यासाठी झेंडा धरण्याची तयारी हवी. एवढे जेथे असेल तेथे खुशाल धावा. जेथे ह्यांतील एकही नसेल तेथे पाय आवरा. पुढील शनिवारी दुपारी तीन वाजता पटांगणात पुन्हा मार्ग आखला जाईल. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सायकलचे ब्रेक तपासून आणावेत. वेळेची नोंद ठेवण्यास आमचा तो माजी विद्यार्थी येणार आहे.